तक्रार विभाग, बिबवेवाडी

भीमराव रामटेके यांना राग येतच नाही, असं त्यांच्या नात्यागोत्यात सगळे म्हणत. हे साफ खोटं होतं. राग त्यांना चांगला सणसणून यायचा. पण तो समोरच्या माणसावर काढायचा नाही, हे त्यांनी फार पूर्वी ठरवून टाकलेलं होतं. त्यांच्या सुनेला, शैलाला, हे कळायला तिच्या मुलीचं, दीक्षाचं, आजारपण यावं लागलं.

भीमराव मूळचे नागपूरचे. टेलिफोन खात्यात लागले ते तक्रारीच्या टेबलावर, आणि निवृत्त झाले तेही त्याच टेबलावरून. फोन मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, असा तो काळ. इतक्या नवसानं आलेला फोन चार दिवसांत मुका झाला की माणूस शेजाऱ्याकडे जाऊन तक्रार नोंदवी. त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला की तो सगळा कानाला यंत्र लावून बसलेल्या भीमरावांच्या वाट्याला येई. मंत्र्यांना शिव्या, खात्याला शिव्या, तारा टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या. भीमराव ऐकून घेत, ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवत आणि शेवटी तक्रारीचा नंबर देत. त्या नंबराला खात्यात डॉकेट म्हणायचे.

पुढे जग बदललं. फोन कुणालाही, कधीही मिळू लागले आणि भीमरावांचा मुलगा संजय कॉम्प्युटर शिकून पुण्यात आला. २००४ साली त्याच्या कंपनीनं त्याला वर्षभरासाठी अमेरिकेला धाडलं. शैलाही हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तयार झालेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधून काढणं हे तिचं काम. सकाळी स्वारगेटला कंपनीची बस पकडायची, ती संध्याकाळी दमून भागून परत. सात वर्षांच्या दीक्षाकडे बघायला घरात कुणी हवं म्हणून एकटे राहणारे भीमराव एक पेटी आणि एक छत्री घेऊन बिबवेवाडीच्या फ्लॅटवर दाखल झाले.

शैला पुण्यातच वाढलेली, दापोडीची. तिला सगळं झटपट लागे. सासरे पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचे, चहा गार करून प्यायचे आणि काही विचारलं की आधी "काहून?" म्हणायचे. तुझे बाबा म्हणजे भिंत आहेत, असं तिनं नवऱ्याला फोनवर सांगूनही टाकलं होतं. त्या भिंतीला आपल्याला एक दिवस टेकावं लागेल, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

एका सकाळी दीक्षा उठली ती डोळे सुजवून. दोन दिवसांत पायही सुजले. मुलांच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की मूत्रपिंडातून प्रथिनं गळून जातायत. घाबरू नका, पण काही महिने स्टिरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतील. जेवण अळणी. आणि रोज सकाळी तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन तापवून बघायची. पांढरी झाली तर आजार आहे, स्वच्छ राहिली तर बरं आहे. चिठ्ठी लिहिता लिहिता ते म्हणाले, "थोडी चिडचिड करेल हं."

डॉक्टरांच्या 'थोडी'वर कुणी कधी विश्वास ठेवू नये.

सूज बघता बघता उतरली, नळीही स्वच्छ दिसू लागली. पण पोर पार पालटली. दीक्षा म्हणजे मांजराच्या पावलांनी चालणारी, दुसऱ्याला आधी खाऊ देऊन मग स्वतः घेणारी मुलगी. तिला आता सकाळी उठल्यापासून भूक लागे. चार पोळ्या खाऊन ती पाचवीसाठी किंचाळे. मोजा पायात टोचला म्हणून तासभर रडे. शाळेत तिनं बाकावरच्या मैत्रिणीला, रियाला, चावा घेतला. गाल फुगून चेहरा गोल गरगरीत झाला, आणि आरशात तो दिसला की तिच्या अंगाचा तिळपापड होई.

शैलानं सगळं करून पाहिलं. समजावलं, आमिषं दाखवली, ओरडली. एकदा तर हात उगारला आणि तो खाली आलाही. मग न्हाणीघरात नळ सोडून ती स्वतःच रडत बसली. गोळी बंद करता येत नव्हती आणि गोळीनं आणलेली ही मुलगी घरात मावत नव्हती.

पहिलं डॉकेट नोंदलं गेलं ते एका रविवारी दुपारी. अळणी वरणभाताचं ताट भिंतीवर जाऊन आपटलं. शैला उठणार, तेवढ्यात भीमराव गुडघ्यांवर हात ठेवत जमिनीवर बसले, दीक्षाच्या उंचीला आले. त्यांनी तळहात कानाशी धरला आणि अगदी सरकारी आवाजात म्हणाले, "नमस्कार, तक्रार विभाग. बोला."

दीक्षाचा बांध फुटला. वरण घाण आहे, भात घाण आहे, आई घाण आहे, तुम्हीसुद्धा घाण आहात. भीमरावांनी मध्ये एक शब्द घातला नाही. ती दम घ्यायला थांबली तेव्हा ते म्हणाले, "लिहून घेतो. वरण घाण, भात घाण, आई घाण, आबा घाण. आणखी काही?"

"मीठ नाहीये," दीक्षा म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज जरा खाली होता.

"मीठ नाही. ही मुख्य तक्रार दिसते. आपला डॉकेट नंबर एक. तक्रारीवर काम सुरू आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटेच भीमराव मार्केट यार्डात गेले. भुसार बाजारातून लाह्यांचा मका आणला, येताना लिंबं घेतली. घरी लाह्या फोडल्या, त्यावर लिंबू पिळलं, भाजलेल्या जिऱ्याची पूड भुरभुरली आणि मिठाचा कण न घालता वाडगा दीक्षापुढे ठेवला. तिनं तो फस्त केला. मग भीमरावांनी पुन्हा कानाला हात लावून विचारलं, खराबी दूर झाली का? तिनं विचार केला आणि थोडी झाली असं सांगितलं. थोडी तर थोडी, भीमराव म्हणाले, पण तक्रार बंद करायची की नाही ते तक्रार करणाऱ्यानं ठरवायचं असतं. आपण आपल्या मनानं बंद केली की ती खात्याची चोरी.

तेव्हापासून घरात तक्रार विभाग सुरू झाला. कागदावर काही नाही, सगळं तोंडी, पण आजोबा आणि नात दोघांनाही नंबर पाठ. आरसा वाईट आहे, अशी तक्रार आली तेव्हा भीमरावांनी आपला पंचा काढून कपाटाच्या आरशावर लटकवला. मोज्यांची आली तेव्हा सगळे मोजे उलटे करून दिले, शिवण बाहेर. जिथे काहीच करता येण्यासारखं नसे, तिथे तसंही ते स्पष्ट सांगत. त्यांचे नियम फार थोडे होते. शांत हो, असं कधी म्हणायचं नाही. मध्ये बोलायचं नाही. आणि फोन आपण आधी ठेवायचा नाही.

शैलाला हे सगळे लाड वाटले. आधीच मर्कट, त्यात आजोबा मद्य प्यायला देतायत, असं तिनं फणकाऱ्यानं सुनावलंही. मग तिनं खरं तेच विचारलं, की ती तुम्हाला तोंडाला येईल ते बोलते, तुम्हाला लागत नाही का?

भीमरावांनी चहा गार होऊ दिला.

"बेटा, अपमान मले माहीत आहे," ते म्हणाले. "लहानपणी पाणी वरून ओतून देत होते, तेव्हा हलक्या आवाजात, गोड बोलून देत होते. तो माणसाचा अपमान. फोनवरचा माणूस बोंबलत होता, त्याले मी कोण ते माहीतच नव्हतं. त्याचा फोन बंद होता, एवढंच. अपमान आणि तक्रार यातला फरक मले कोणी शिकवायची गरज नाही. ही पोरगी तक्रार करून राहिली."

त्या दिवसापासून शैलानं सासऱ्यांना भिंत म्हणणं सोडून दिलं.

तिची स्वतःची चूक मात्र तिला दिसत नव्हती. कामाच्या सवयीनं तिला वाटे, की नवी आवृत्ती बिघडली तर जुनी परत आणता येते. जुनी दीक्षा कुठेतरी नीट ठेवलेली आहे आणि गोळ्या संपल्या की ती परत मिळेल, या एका आशेवर ती दिवस काढत होती. त्यामुळे जो भेटेल त्याला ती तेच सांगे. समोरच्या आनंदीकाकू एकदा वाटी परत द्यायला आल्या आणि दीक्षाकडे बघून म्हणाल्या, "बरीच सुधारलीय की तब्येत. आजारी कोण आहे नक्की?" शैलाला ते झोंबलं. ती पटकन म्हणाली, "अहो, ही आमची दीक्षा नाहीच मुळी. हे सगळं गोळ्यांचं आहे. आमची दीक्षा येईल परत."

मुलीची बाजू घेतली असंच तिला वाटलं. शाळेत बाईंना, फोनवर संजयला, बसमधल्या मैत्रिणींना ती हेच सांगत आली होती. पैकी निम्म्या वेळा दीक्षा तिथेच उभी असायची.

दोन-तीन दिवसांनी शैला कामावरून आली तर घर शांत. भीमराव दारातच उभे होते. चष्मा हातात, चेहरा उतरलेला. त्यांना असं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"एक तक्रार आली आहे," ते म्हणाले. "आज ओरडली नाही. अगदी हळू आवाजात सांगितलं. म्हणते, आई सांगते मी दीक्षा नाही. मग खरी दीक्षा आल्यावर मला कुठे पाठवणार?"

शैलाच्या खांद्यावरची पर्स खाली आली.

"नंबर दिला आहे," भीमराव म्हणाले, "पण हे माझ्या खात्याचं काम नाही, बेटा. हे तुझ्या खात्याचं."

दीक्षा जेवणाच्या टेबलाखाली बसली होती. पलीकडे खेळण्यांचा डबा होता, त्यातली तिची आवडती बाहुली आणि भांडीकुंडी नीट एका पिशवीत भरलेली होती. ती पिशवी बघून शैलाला कळलं, की पोर जायच्या तयारीत आहे. ती ऑफिसच्या कपड्यांतच टेबलाखाली शिरली. सासऱ्यांसारखा कानाला हात लावावा असं तिच्या मनात आलं, पण तिला ते जमलं नसतं. तिनं जे सुचलं ते सांगितलं.

"ताट भिंतीवर मारलंस ती तूच. रियाला चावलीस ती पण तूच. पूर्वी सगळ्यांना खाऊ वाटायचीस, ती पण तूच होतीस. मला एकच मुलगी आहे आणि ती या टेबलाखाली बसलीय. दुसरी कुणी यायची नाहीये. मी चुकीचं बोलत होते."

दीक्षानं तिच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. आई खोटं बोलत नाही ना, हे तिला बघायचं होतं.

"मग मला भूक लागलीय," ती म्हणाली.

त्या दिवशी लाह्या शैलानं फोडल्या. निम्म्या करपल्या आणि त्याचीही तक्रार लगेच नोंदवली गेली.

म्हणून काही जादू झाली नाही. दुसऱ्याच दिवशी दीक्षानं दप्तर फेकलं आणि घर डोक्यावर घेतलं. पण शैला आता खाली बसू लागली, ऐकलेलं परत म्हणू लागली. कधी जमे, कधी निम्म्यातच तिचा तोल जाई. तोल गेला की भीमराव स्वयंपाकघरातून हाक मारत, "लाईन इकडे द्या." आणि ती देई. हळूहळू गोळ्या कमी झाल्या, दिवसाआड झाल्या, मग बंद झाल्या. गाल उतरले, आरशावरचा पंचा भीमरावांना परत मिळाला. दीक्षानं एकेक करून सगळी डॉकेट बंद केली. फक्त ते एक, टेबलाखालचं, ती बंद करीना. भीमराव अधूनमधून विचारत, तर ती म्हणे, "राहू द्या अजून." आणि ते राहू देत. शैलाला दर वेळी ते लागे, पण तिनं कधी घाई केली नाही. आपण घाई केली तर ती खात्याची चोरी, हे तिला पटलं होतं.

संजय परत यायच्या सुमारास दीक्षाला सर्दी झाली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की हा आजार उलटू शकतो. सकाळी शैलानं नेहमीसारखी नळी गॅसवर धरली आणि तिच्या डोळ्यांदेखत ती पांढरी झाली. तिनं दुसऱ्यांदा तापवली. तरी पांढरीच. म्हणजे पुन्हा त्याच गोळ्या. मागचे ते सगळे महिने तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. आता हे लेकराला कसं सांगायचं, या विचारानं ती तशीच ओट्याशी खिळून राहिली.

सांगावं लागलं नाही. दीक्षा मागे उभी होती. तिनं नळीकडे पाहिलं, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती पेपर वाचणाऱ्या आजोबांकडे गेली.

"आबा, आजच एक नंबर देऊन ठेवा. मी परत ओरडणार आहे."

भीमरावांनी पेपर खाली ठेवला. कानाला हात लावला. "नोंदवतो," ते म्हणाले. "जुनी एक बाकी आहे. तिचं काय करायचं?"

दीक्षानं वळून आईकडे पाहिलं.

"ती बंद करा," ती म्हणाली. "आई, मी काही पण बोलले तरी फोन ठेवायचा नाही हं."

"नाही ठेवणार," शैला म्हणाली. स्वारगेटची बस त्या दिवशी तिनं खुशाल चुकू दिली.