पाच थाऊ, पण कुठल्या बाजूला?

अधिक-उण्याशी माझं शाळेपासून वाकडं. उण्यातून उणे वजा केले की बेरीज कशी होते, हे मास्तरांनी छड्या मारून सांगितलं, मी छड्या खाऊन घोकलं, आणि मला समजलं असं आम्ही दोघेही धरून चाललो.

संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत मी परळच्या एका गिरणीच्या दुरुस्ती खात्यात लेथवर बदली टर्नर होतो. लग्नाला वर्ष झालं होतं, बायको गावी. कायम झालो तरच भोईवाड्यात खोली घेऊन तिला आणता येणार होतं. त्यासाठी परीक्षा एकच, दिलेल्या मापाचा शाफ्ट लेथवर कातून दाखवायचा.

शाफ्ट दाखवायच्या आदल्या दुपारी तो होत आला होता. शेवटच्या हातासाठी दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारावे भाग, जाडी मी मुद्दाम ठेवली होती. तेवढ्यात फाटकाबाहेर मोर्चा आला. सगळे धावले, मीही धावलो, आणि कोपर लागून माझा जाडी मोजायचा मायक्रोमीटर खाली आपटला. उचलला, पुसला, डब्यात ठेवला. कोणी बघितलं नव्हतं.

सकाळी माप घेतलं तर शाफ्ट तीन थाऊ कमी. जाड असेल तर कातता येतो, बारीक झाला की भंगार. लोखंड रात्रीत आटतं थोडंच, हेही सुचलं नाही, इतका मी गाढव.

आमचे मिस्त्री माझगावचे, गळ्यात क्रूस, बोलणं मोजकं. माझं माप ऐकून त्यांनी शाफ्ट बाजूला ठेवला आणि मायक्रोमीटर रिकामाच मिटवला. शून्यावर यायला हवा होता, तो पाच घरं, म्हणजे पाच थाऊ, खाली जाऊन थांबला.

"हा पडलेला काय रे?"

हो म्हणावं तर हत्यार पाडणाऱ्याला कायम कोण करणार? नाही म्हणावं तर शाफ्ट भंगारात.

"माझ्याच हातून पडला," मी म्हणालो.

मायक्रोमीटरची चूक किती, एवढंच त्यांनी विचारलं. पाच, मी म्हणालो. मग शाफ्ट किती? तीन कमी, वर पाचाची चूक, म्हणजे आठ कमी. सांगताना रडायचाच बाकी होतो.

"पाच कळले. कुठल्या बाजूला ते बोल," मिस्त्री म्हणाले. "मध्ये काही नसताना हा पाच कमी सांगतो. मग शाफ्टचंपण पाच कमीच सांगणार ना?"

म्हणजे उणे तीनमधून उणे पाच काढायचे. तीन कमी, त्यावर पाच चढवले, दोन जास्त. माझेच कालचे दोन, जागच्या जागी. इतकं हायसं वाटलं की लेथला टेकून खालीच बसलो. मास्तरांच्या छड्या इतक्या वर्षांनी वसूल झाल्या.

ते दोन थाऊ काढले. मिस्त्रींनी स्वतःच्या मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मापलं आणि शाफ्ट आमच्या खात्याच्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. माझ्या मायक्रोमीटरबद्दल साहेबांना सांगितलं ते इतकंच, की तो दुरुस्तीला पाठवायचाय. साहेबांनी माझं नाव कायमच्या यादीत लिहिलं.

संध्याकाळी गावी कार्ड टाकलं, सामान बांध, न्यायला येतो.