डावीकडे झुकलेली गाडी

आमचा दादा, हिम्मतराव, म्हणजे सुलतान बाजारातल्या कापडाच्या दुकानात बसून उभ्या हैदराबादशी गप्पा मारणारा माणूस. जयवंतावहिनी गेल्या आणि त्यानं दुकान मुलाच्या, मिलिंदच्या, स्वाधीन करून तोंडाला कुलूप लावलं. मिलिंदनं जुनी काळी अ‍ॅम्बेसेडर विकून नवी मारुती आणली. तेव्हा सगळंच नवं येत होतं. आबिड्सला परदेशी खेळणी मिळू लागली होती, आणि तिथूनच दादानं एक प्लास्टिकची गाडी आणली, सुटे भाग जुळवून करायची. होती जुन्या विलायती गाडीची, पण काळा रंग दिल्यावर थेट आमची अ‍ॅम्बेसेडरच.

मी तेव्हा नारायणगुड्याला त्याचं घर सांभाळायला आले होते. म्हटलं, बरं झालं, जीव रमेल. कसलं काय!

ती गाडी जुळवली तर चिखलातून साडी उचलून चालणाऱ्या बाईसारखी उंच उभी राहिली. चाक आणि वरचं मडगार्ड यांत बोट जाईल एवढी फट. दादानं चाकांच्या दांडीची भोकं बारीक गोल कानशीनं वरच्या अंगाला घासली, तेव्हा गाडी खाली बसली. इथंच थांबायचं ना! पण त्याला मागची डावी बाजू आणखी खाली हवी होती. वहिनी अंगानं भरलेल्या, आणि त्यांची जागा मागं डावीकडे. त्या बसल्या की अ‍ॅम्बेसेडर त्या अंगाला झुकायची. आम्ही सगळे चिडवायचो, त्याही हसायच्या. दादाला गाडी तशी हवी होती, वहिनी आत बसलेल्या असाव्यात तशी.

ते काही जमेना. कमी घासलं तर दिसेना, जास्त घासलं तर पंक्चर झाल्यासारखी. मग भोकं भरायची, वाळू द्यायची, पुन्हा पहिल्यापासून. भर दुपारी हा म्हातारा फरशीवर आडवा, एक डोळा मिटून गाडीकडे बघतोय. एकदा मी चहा घेऊन गेले तर म्हणत होता, "जरा अजून सरक तिकडं." मला नव्हे. मी चहा उंबऱ्यातच ठेवला आणि मागं फिरले. त्या दिवसापासून मिलिंदच्या गाडीतसुद्धा मी मागं डावीकडे बसेना. ती जागा मला रिकामी वाटत नव्हती, एवढंच.

हे असंच चाललं तर दादाही आपल्यातून गेला, अशी भीती मला वाटू लागली. एक दिवस जरी हात थांबला तरी नाद सुटेल, म्हणून खंडेनवमीला मी डाव साधला. आमच्यात त्या दिवशी अवजारं पूजेला मांडली की दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. दादा आंघोळीला गेला तेव्हा मी त्याच्या कानशी, पाती, सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी गाडीही ठेवली. आदल्या दिवशीच त्यानं भोकं बुजवून पुन्हा सारखी केली होती. गाडी चारी चाकांवर कशी सरळ उभी होती.

"बघ, किती छान बसलीय," मी म्हणाले. "आता राहू दे अशीच."

दादा पाटासमोर बसला.

"मंगल, दवाखान्यात नेलं ना तिला, शेवटचं, तेव्हा अशीच होती गाडी. सरळ. ती बसली, दार लावलं, आणि गाडी झुकलीच नाही. आजारानं काही उरलंच नव्हतं गं तिच्यात. मला तिथंच कळलं. सगळ्या रस्त्यात एकदाही मागं वळून बघितलं नाही मी. मागं कुणी नसलंच तर?"

केवढ्या तोऱ्यात मी ती सरळ गाडी त्याच्यापुढं मांडली होती, तीही दसऱ्यापर्यंत! मांडलेली पूजा हलवायची नाही, हे या घरात सगळ्यांना दरडावणारी मीच. मी पाटावरची गोल कानस उचलली, पदरानं तिच्यावरचं कुंकू पुसलं आणि त्याच्या हातात दिली.

"घे दादा," मी म्हणाले. "बसू दे वहिनींना."