कुंकवाखालचा टवका

एक गोष्ट मी चार महिने लपवली. शेवटी सांगितली तेव्हा सोसायटीच्या गेटवर उभी होते, अंगात गाऊन, पायात काही नाही, कडेवर पोर, आणि धाप अशी लागलेली की पहिले दोन शब्द बाहेरच येईनात. अजूनही त्या गेटमधून भाजी आणायला निघाले की माझी मान आपोआप खाली जाते.

आमचे हे मानेसरला गाड्यांचे पार्ट बनतात त्या कारखान्यात क्वालिटीला आहेत. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. लग्न होऊन मी गुरुग्रामला आले तेव्हा ह्यांना एकच नाद होता, सायकल. साधी नाही, ती पुढं वाकून चालवायची, बारीक टायरची. सोसायटीतले चारपाच जण रविवारी सकाळी तसल्या सायकली घेऊन निघायचे. सगळ्यांच्या मोठ्या कंपनीच्या, दुकानातून तयार आणलेल्या. ह्यांनी ठरवलं की आपण स्वतः बांधायची. कार्बनची फ्रेम थेट चीनच्या कारखान्यातून मागवायची आणि बाकीचं एकेक करून जमवायचं. तिकडच्या एका बाईशी मोबाईलवर बोलणं चालायचं, ती सारखी 'डिअर फ्रेंड' लिहायची आणि मी चिडवायचे, "काय म्हणते आज तुमची मैत्रीण?" रंग ह्यांनी सांगितला तसाच दिला तिनं. गडद निळा, अजिबात चकाकी नसलेला.

फ्रेम आली तेव्हा मुलगी आठ महिन्यांची होती, नुकती रांगायला लागलेली. ह्यांनी खोका उघडला, फोम सोडला आणि फ्रेम माझ्या एका बोटावर अडकवली. वजन किलोभर तांदळाच्या पुडीएवढं.

"ह्याच्यावर तुम्ही बसणार?" मी म्हटलं.

"बसणार आणि पन्नासच्या स्पीडनं उतार पण उतरणार. इकडं ये, ऐक." ह्यांनी खिशातून एक नाणं काढलं आणि फ्रेमवर वाजवत गेले, ठण, ठण, ठण. "सगळीकडं सारखं येतंय ना? आत तडा असला की तिथं आवाज बसतो. ठप. लोखंड वाकतं, ॲल्युमिनियमला पोचा पडतो, निदान कळतं तरी. कार्बन काही सांगत नाही बघ. वरून गुळगुळीत आणि मग एक दिवस एकदम जातो."

हे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची पण सोय नाही.

चार दिवसांनी दसरा आला. माझे वडील टेम्पो चालवायचे. दसऱ्याला टेम्पो धुऊन, झेंडूची माळ घालून पुढच्या चाकापाशी दगडावर नारळ फोडायचे. नारळ वडीलच फोडणार. बाईनं फोडायचा नाही आमच्यात. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, मी फोडू का, तर आईनं असे डोळे केले की पुन्हा विचारलं नाही.

त्या सकाळी मी हॉलमध्ये पाट मांडला, चादर घडी करून ठेवली आणि तिच्यावर फ्रेम भिंतीला टेकवून उभी केली. बाकी तेव्हा काहीच लागलेलं नव्हतं, चाकं नाहीत की हँडल नाही. सांगाडाच नुसता. पुढं ह्यांचे पाने ठेवले, हळदीकुंकू, फुलं. हे आंघोळीला जाताना म्हणाले, "नारळ राहू दे, मी येतो, मी फोडतो." मी हो म्हटलं. मग बाथरूममधून पाण्याचा आवाज सुरू झाला आणि मला वाटलं, कोण बघतंय? एकदा आपणच फोडून बघू. दुसरं काही नव्हतं मनात. देव नाही, मुहूर्त नाही, नुसती हौस.

टाइल फुटेल म्हणून खाली आपटता येईना. मी डाव्या हातात नारळ धरला आणि उजव्या हातात खलबत्त्याचा बत्ता. पहिला घाव बसला, दुसरा बसला, नारळाला चीर गेली, पाणी हातावर आलं. तिसऱ्याला मुलीनं मागून येऊन माझा परकर ओढला. मी वळले, आणि ओल्या हातातून बत्ता निसटला तो सरळ फ्रेमच्या वरच्या दांडीवर. टक. एवढाच आवाज झाला.

निळ्या रंगावर तांदळाच्या दाण्याएवढा टवका. बाकी काही नाही. बाथरूममधलं पाणी बंद झालं. मी काय केलं, तर कुंकू कालवलं आणि त्या टवक्यावर जाड बोट ओढलं, मग नुसतं तिथंच नको म्हणून बाकी पण चार ठिकाणी ओढलं. आमच्या घरी काही फुटलं की वडील आधी मारायचे आणि मग विचारायचे कुणी फोडलं. ह्यांनी माझ्यावर कधी हात सोडा, आवाज पण चढवलेला नाही. पण हात काही विचार करून चालतो का, तो जुन्या सवयीनं चालतो.

हे बाहेर आले. "अगं, फोडलास?"

"नाही हो, हातातून पडला. फुटला."

"चला, देवानं स्वतःच फोडून घेतला," म्हणाले आणि हसत आरती म्हणायला लागले. मी मागून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. बाकीचं गेलं, पण मी जाड ओढलं होतं तिथला डाग काही निघेना, त्या चकाकी नसलेल्या रंगात मुरला होता. हे डागाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "असू दे. दृष्ट लागणार नाही. ह्या लोकांच्या सायकलींना आहे का असं काही?" मग त्यांनी त्याचा फोटो काढून पुण्याला सासूबाईंना पाठवला.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तेव्हा नुसती फ्रेम होती, कुणी तिच्यावर बसलेलं नव्हतं. मी सांगितलं नाही.

मग दर रविवारी दुपारी सायकल बांधायचं काम सुरू झालं आणि मी मदतीला. ह्यांना वाटायचं मला आवड लागली. मी पुढचं चाक बसतं तो फोर्क धरायचे, केबल आतून ओढताना मोबाईलचा टॉर्च दाखवायचे. सीटचा दांडा बसवताना त्याला एक खरखरीत पेस्ट लावतात ती मी लावली. एक पाना असतो, ठरलेल्या जोराएवढा फिरवला की तो कट् म्हणतो आणि मग पुढं फिरवायचा नाही. तो ह्यांनी माझ्या हातात दिला. "फिरव. हळू. आणखी." कट्. "बस! आता एक सूत पण पुढं नाही. जास्त आवळलं की आत चिरतो, आणि बाहेर कळत नाही." मला म्हणायचे, "तुझा हात हलका आहे गं, तुला हे काम जमतं." मी त्या डागाकडं न बघता पाना परत द्यायचे.

एकदा हे बसनं कामाला गेल्यावर मी नाणं घेतलं. मुलगी झोपली होती. ठण, ठण, आणि डागावर... मला कळेना. बसका वाटला, मग नाही वाटला, मग पुन्हा वाटला. मी दहा वेळा वाजवलं. नववीत शाळा सुटलेली बाई मी, मला काय कळणार, असं स्वतःला म्हणाले आणि नाणं डब्यात टाकलं. हे पण खोटंच. कान काही शाळेत जाऊन मिळत नाहीत.

सोसायटीतले ते सायकलवाले ह्यांना टोमणे मारायचे. त्यांच्यातला एक उंच गृहस्थ, बँकेत मोठा साहेब आहे, तो लिफ्टमध्ये मला भेटला. "भाभीजी, भाईसाहब का इन्शुरन्स करवा लिया ना? चाइनीज़ पे बैठने वाले हैं!" सगळी लिफ्ट हसली. मी पण हसले. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात एक विचार आला, तो मी इथं लिहिते कारण लिहिला नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही. मला वाटलं, तुटली तरी सगळे म्हणतील चायनीज होती म्हणून तुटली. माझ्यापर्यंत कुणी येणार नाही. फ्रेम तुटणार म्हणजे हे पडणार, आणि माझ्या मनात आधी काय आलं, तर माझी सुटका. घरी येऊन मी मुलीला भात भरवला आणि तिच्या तोंडाकडं बघवेना.

थंडी संपली, इथल्या हवेत हिवाळाभर असतो तो धूर गेला, सायकल तयार झाली. पहिला रविवार ठरला. शनिवारी दुपारी मी पुढच्या टायरमध्ये सेफ्टी पिन टोचली. सकाळी हवा नाही. हे खाली गेलेच नाहीत, ट्यूब बदलत बसले आणि म्हणाले, "बाल्कनीत काय लागलं असेल गं?" मी म्हटलं, "काच असेल." आणखी एक खोटं. त्या आठवड्यात मला जेवण जाईना. पुढच्या रविवारी परत पिन टोचणार, आणि त्याच्या पुढच्या? किती टोचणार?

रविवारी सहाला हे निघाले. हेल्मेट, ते अंगाला चिकटलेले कपडे, लहान पोरासारखे खूश. मुलीची पापी घेतली, त्या डागावरून बोट फिरवलं, नमस्कार केल्यासारखं. लिफ्ट बंद झाली. मी दारात उभी. चार, तीन, आकडे उतरायला लागले, आणि मग मी काय केलं मला आठवत नाही, एवढंच आठवतं की पोर कडेवर होतं आणि मी जिन्यात होते. पाच मजले. प्रत्येक वळणावर वाटायचं की पाय घसरणार. खाली आले तर हे गेटबाहेर, एक पाय पेडलवर.

"अहो!"

कुणी बघितलं नाही. नाव घेऊन हाक मारायची सवय नाही मला. "अहो! थांबा!" गार्डनं बघितलं आणि तोच ओरडला, "साहब, रुको! मैडम बुला रही हैं!" सगळे थांबले, सगळे वळले.

हे सायकल हातात धरून आले. "काय झालं? बाळाला काय झालं?"

"बाळाला काही नाही. मी... बत्ता लागला फ्रेमला. दसऱ्याला. नारळ मी फोडत होते. तिथं, कुंकवाखाली. मला वाटलं तुम्ही..."

मराठीत बोलले म्हणून बाकीच्यांना काही कळलं नाही. ह्यांनी डागाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग परत डागाकडं. मग गार्डला म्हणाले, "भैया, एक सिक्का देना." सायकल भिंतीकडं नेली, कान जवळ नेला. ठण. ठण. ठप. मला लांबून पण ऐकू आलं. त्यांनी पुन्हा वाजवलं नाही.

"टायर पण?" हळूच विचारलं.

मी मान डोलावली.

तोवर तो बँकेचा साहेब आला. "क्या हुआ भाई? चलना नहीं है?"

आता सांगतील, मला वाटलं. त्यांचा हक्कच होता. ह्यांनी नाणं गार्डला परत दिलं आणि म्हणाले, "नहीं यार, आप लोग निकलो. फ्रेम में दिक्कत निकल आई."

"बोला था ना! चाइनीज़ है भाई, चाइनीज़!" सगळे हसले. कुणीतरी टाळी दिली कुणाला.

"हाँ यार," हे म्हणाले, "सही बोला था." आणि हसले पण. मला ते हसू माहीत आहे, कारखान्यात साहेबानं झापल्यावर घरी येऊन असंच हसतात.

लिफ्टमध्ये आम्ही तिघं आणि मध्ये उभी केलेली सायकल. मुलगी ब्रेकच्या दांडीला हात घालत होती, हे तिचा हात काढत नव्हते. तिसऱ्या मजल्यावर म्हणाले, "मी तुला कधी काही बोललोय?"

"नाही."

"मग?"

पाचवा आला, दार उघडलं, आणि आम्ही तसेच उभे राहिलो, दार परत मिटायला लागलं तेव्हा ह्यांनी पाय घातला.

आता फ्रेम बाल्कनीच्या भिंतीवर टांगलेली आहे. पार्ट काढून ह्यांनी खोक्यात ठेवलेत. स्पिरिट लावून तो डाग एकदाचा काढला, खाली केसाएवढी रेघ होती, माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं, आणि मला कळलं, त्या दिवशी नाण्याचा आवाज माझ्या कानानं बरोबर ऐकला होता. त्या चीनच्या बाईला ह्यांनी तक्रार केली नाही. मी विचारलं का, तर म्हणाले, "तिची काय चूक?" आणि दुसरी मागवायचं अजून नाव काढलेलं नाही.

तो बँकेचा साहेब गेटवर भेटला की अजून विचारतो, "क्यों भाभीजी, बोला था ना हमने? चाइनीज़ का यही होता है." मला एवढं हिंदी येतं. नहीं जी, मैंने तोड़ी थी, इतकंच म्हणायचं असतं. पिशवी दुसऱ्या हातात घेते, हो अशी मान हलवते आणि पुढं जाते.