शेवळंवालीचा प्रश्न

बाळांनो, खालापूरच्या दवाखान्याबाहेर एक बाई शेवळं, म्हणजे पावसाळ्यातली रानभाजी, विकत होती. आवारात स्तनांच्या कर्करोगाची तपासणी करणारी गाडी आली होती. बाईची बहीण गाठीनेच गेली होती, तरी हिचा पाय उचलत नव्हता. तपासून आलेल्या प्रत्येकीला ती विचारी, "बाय, दुखतं काय गं?"

"छे, काही नाही होत," सगळ्या म्हणत. ती बसूनच राही.

मी तपासून बाहेर आले, तेव्हा मलाही तिने विचारलं. जुडीवरचा हात काही काढेना.

"यंत्रात दाबतात तेव्हा दुखतं," मी म्हटलं. "पण लगेच सोडतात."

ती हसली. "शेवळं घशाला खाजतातच. खाजत नाय म्हननारीचा काय भरवसा?"

ती उठली, पदर सारखा केला. "चपला भायेर काढू काय गं?"

"असू देत," म्हणत मी तिच्या टोपलीपाशी बसले.