मोरपीसबाईचा हलका हात

मोरपीसबाई हे नाव मीच ठेवलं, तेही रागानं. कॅन्सरमुळे माझा एक स्तन काढला. जखम भरली, पण त्या बाजूचा हात सुजून टम्म झाला. डॉक्टरांनी मसाजला पाठवलं. मला वाटलं, आता चांगला रगडून निघेल. आणि ही बाई! तेल नाही, जोर नाही, नुसती माझी मान कुरवाळत बसली.

"अहो, हात सुजलाय. मानेला काय धाड भरलीय?" मी म्हटलं.

"आधी पुढची वाट मोकळी करू, मग हातातलं पाणी तिकडे सोडू. घाई आहे का, ताई?"

घाई कसली डोंबलाची! पण गप्प बसेन तर ती मी कसली? बाई मात्र कधी चिडली नाही. घरी तिचे सासरे ठार बहिरे, बोलून बोलून घसा बसायचा. इथे कुजबुजायला मिळतं, याचंच तिला कोण सुख! पूर्वी ती खेळाडूंच्या पोटऱ्या रगडायची. तिच्या आईचं असंच ऑपरेशन झालं तेव्हा हा हलका हात शिकली. मला लावायच्या आधी हात गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यायची. तेवढ्यानंच मला निम्मं बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

सूज उतरू लागली. मग अचानक पुन्हा चढली.

"घरी कोणी चोळतं का?" तिनं विचारलं.

चोळणारा बाहेर बाकावरच बसला होता. माझा नवरा पावाच्या भट्टीवर पीठ मळतो. हल्ली रोज संध्याकाळी तो माझा हात जीव खाऊन मळायचा, तोही भिंतीकडे बघत. ऑपरेशन झाल्यापासून त्यानं माझ्या छातीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्याला माझी किळस येते, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं आणि आतल्या आत कुढत होते.

बाईनं मला विचारून त्याला आत बोलावलं. रागावली नाही. त्याचेही हात गरम करायला लावले.

"भाऊ, हे पीठ नाही. जोर लावला की सूज वाढते. कातडी नुसती सरकवायची. सुरुवात इथून." तिनं त्याची बोटं माझ्या गळ्याखाली ठेवली.

तो भिंतीकडेच बघत होता.

"बघून करा, भाऊ."

त्यानं बघितलं आणि एवढा दांडगा गडी ढसाढसा रडायला लागला.

"मी बघितलेलं तुला आवडत नाही ना," तो म्हणाला. "दवाखान्यात मी आलो की तू चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायचीस."

"अरे माझ्या कर्मा! थंडी वाजायची मला, येड्या!"

मोरपीसबाई हळूच दार ओढून बाहेर गेली. मी त्याचा हात धरून खाली नेला. त्याची जाड बोटं वणावर आली, पण इतकी हलकी, की खरंच टेकलीत का हे मला मान वाकवून बघावं लागलं. तिथे मीसुद्धा पहिल्यांदाच बघत होते.