जीपच्या मागे घर

माझ्या यजमानांची सारी नोकरी अंबडच्या एका कारखान्यात लोखंड कापण्यात आणि जोडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर ह्यांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये खेटे घालून एक कॅरॅव्हॅन बांधून घेतली. म्हणजे दोन चाकांवरची, जीपच्या मागे जोडून ओढायची एक खोली. आत दोघांपुरता पलंग, शेगडी, कपडे ठेवायला कप्पे आणि काचेची खिडकी. कागदपत्रं झाली, नंबर मिळाला, आणि त्याच महिन्यात डॉक्टरांनी ह्यांना काचबिंदू असल्याचं सांगितलं. समोरचं दिसत होतं, पण बाजूचं दिसणं बरंच कमी झालं होतं. गाडी चालवणं बंद.

आठ-दहा दिवस ह्यांनी विषयच काढला नाही. मग एका सकाळी गॅलरीतून पाहिलं, तर हे खाली एकटेच कॅरॅव्हॅनच्या खिडकीची काच पुसत होते. काच स्वच्छच होती. मी चप्पल घालून खाली गेले.

"मी चालवते," म्हटलं.

"तू?"

"शाळेत वीस वर्षं गाडी घेऊन कोण जात होतं?"

"ती साधी गाडी, अगं. मागे काही ओढत नेणं वेगळं असतं."

"मग शिकते."

"कोण शिकवणार? मी शिकवलं असतं, पण…" ह्यांनी फडकं पिळलं आणि पुन्हा काच पुसायला घेतली.

मी सायखेड्याला आक्काला फोन लावला. आक्का माझी थोरली बहीण. दाजींचे गुडघे गेल्यापासून ट्रॅक्टर तीच चालवते. कांद्याने भरलेली ट्रॉली मार्केटमध्ये मागे घेत-घेत लावते, तेव्हा पुरुषमाणसं बाजूला होऊन बघत राहतात. ती एवढंच म्हणाली, "आण हिकडं. वावर मोकळं हाय."

वर्कशॉपच्या ड्रायव्हरने जीप आणि कॅरॅव्हॅन सायखेड्याला पोचवली, आम्ही दोघंही त्याच्याबरोबर गेलो. सोयाबीन निघालेल्या वावरात आक्काने मला स्टेअरिंगवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. पुढे नेणं जमलं. मागे घ्यायला लागले, तर मागची खोली भलतीकडेच वळली आणि जीपला काटकोनात येऊन टेकायला आली. मी घाबरून ब्रेक दाबला.

"लय फिरवती तू," आक्का म्हणाली. "जरासंच फिरव अन् थांबून बघ. हात स्टेरिंगच्या खालच्या कडेला धर. खालचा हात जिकडं नेशील, तिकडं ट्रॉली जाईल."

"आणि नाही गेली तर?"

"तर पुढं घे, सरळ कर, परत लाव. कोणी बघतंय म्हणून रेटायचं नाय."

तीन दिवस मी त्या वावरात मागे-पुढे करत होते. वळताना आधी सरळ पुढे जायचं आणि उशिरा वळायचं, नाहीतर मागचं चाक आतल्या कडेला घासतं, हे मी बांधावरचं एक झुडूप मोडून शिकले. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवायचं, कारण मागचं वजन ब्रेकचं लगेच ऐकत नाही, हेही आक्कानेच सांगितलं. खोलीचा पुढचा दांडा जीपला अडकवायचा जोड बसवला की तो हाताने वर ओढून बघायचा. खालून दोन साखळ्या एकमेकींवरून तिरक्या बांधायच्या, म्हणजे जोड सुटला तरी दांडा रस्त्यावर आपटत नाही. मागचे दिवे रोज निघण्याआधी एकाने लावायचे, दुसऱ्याने बघायचे.

शेवटच्या दिवशी आक्काने आतलं सामान पाहिलं आणि पाण्याचे कॅन, सिलिंडर, हत्यारांची पेटी असं सगळं जड चाकांच्या जरा पुढे सरकवायला लावलं. "मागं जड झालं की ती शेपूट हलवती."

हे हसले. "ताई, कांद्याची ट्रॉली वेगळी. ह्याचा हिशोब मी कागदावर केलाय."

"करा की पाव्हणं," आक्का म्हणाली. "पर पेटी पुढंच ठेवा."

पुढच्या आठवड्यात आम्ही कळवणला निघालो. ह्यांच्या कारखान्यातले एक मित्र निवृत्तीनंतर तिथे शेती करतात, त्यांच्या आंब्याच्या बागेत दोन दिवस राहायचं होतं. सकाळी दिंडोरीचा रस्ता मोकळा होता. हे शेजारी बसून होते, ओठ घट्ट मिटून. मी विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, असं घरीच ठरलं होतं. पण गतिरोधक आला की ह्यांचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जायचा, ते मला दिसत होतं.

वणी मागे पडली. पुढे एक लांब उतार होता. समोरून एक भरलेला ट्रक आला आणि बाजूने गेला, तसा मागून एक हिसका बसला. मग दुसरा, उलट्या बाजूने. आरशात पाहिलं, तर आमची पांढरी खोली डावीकडे झुकत होती, मग उजवीकडे, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त. जीपचा मागचा भाग तिच्याबरोबर ओढला जात होता.

"ब्रेक!" हे ओरडले.

माझा पाय ब्रेककडे गेलाही होता. पण आक्काने वावरात दोनदा बजावलं होतं, शेपूट हलायला लागली की ब्रेक नाय, ॲक्सिलेटर सोड, स्टेरिंग सरळ धर, तिच्या मागं पळू नको. मी पाय उचलला. दोन्ही हातांनी स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं. काही क्षण वाटलं, काहीच होत नाहीये. मग हिसके हळूहळू लहान झाले. वेग उतरला तसा मी खालचा गिअर टाकला आणि रुंद जागा दिसल्यावर कडेला थांबले.

माझी बोटं स्टेअरिंगवरून सुटेनात.

"मी पेटी मागे ठेवली," हे म्हणाले. "आणि कॅन पण. पलंगाखालचा कप्पा उघडायला अडचण होत होती. सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा."

मला राग आला. एवढा, की मी दार उघडून उतरले आणि रस्त्याच्या कडेने थोडं चालत गेले. परत आले तेव्हा हे कॅरॅव्हॅनमध्ये शिरून हत्यारांची पेटी दोन्ही हातांनी पुढे ओढत होते. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. मी आत जाऊन कॅनला हात लावला. सगळं पुढे घेऊन पट्ट्यांनी बांधलं. मग मी खाली उतरून जोड वर ओढून पाहिला, साखळ्या पाहिल्या, टायर पाहिले.

"तुला चिडायचं असेल तर चिड," हे म्हणाले.

"चिडलेच आहे. पण मला न विचारता मागे काही हलवायचं नाही. आजपासून नाही."

"नाही हलवणार."

नंतरच्या उतारावर खोली गुमान मागे आली. मी अर्ध्या वाटेत आक्काला फोन करायला सांगितला. ह्यांनी लावला, स्पीकरवर ठेवला, आणि माझ्याआधी स्वतःच म्हणाले, "ताई, पेटी मी मागे ठेवली होती." पलीकडून आक्का म्हणाली, "पोचल्यावर कळवा."

बागेचं फाटक अरुंद होतं आणि खोली मागे घेत झाडाखाली लावायची होती. मित्र आणि त्यांची बायको ओट्यावर येऊन उभे राहिले. मी काचा खाली केल्या आणि ह्यांना मागे उभं केलं. "मला आरशात दिसाल असे थांबा. दिसेनासे झालात तर मी थांबणार." पहिल्यांदा वाकडी गेली. पुढे घेतली. दुसऱ्यांदा झाडाच्या फार जवळ गेली. पुन्हा पुढे. तिसऱ्यांदा स्टेअरिंगच्या खालच्या कडेला हात ठेवून इंच-इंच घेतली, आणि 'बस, थांब' म्हणून ह्यांचा तळवा वर झाला.

जोड काढण्याआधी आम्ही दोघांनी चाकांपुढे आणि मागे दगड लावले. मित्राच्या बायकोने पाणी आणलं. माझे हात दगडांच्या मातीने भरले होते. तिने ते पाहिले, आणि मी पिऊन होईपर्यंत तांब्या स्वतःच धरून राहिली.