हळदीकुंकवाचा टायर

काकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, हवा मोजायचा गेज असायचा. कुणाचाही ट्रेलर दिसला की ते गुडघ्यावर बसायचे, टायरच्या बाजूवर छापलेल्या अक्षरांवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "आधी टायर वाचा!"

हसू नका. त्यामागे सूड होता, आणि मी त्यात पुरता सामील होतो.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावात आम्ही शेजारी. काकांनी जुना ट्रेलर घेतला होता, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घरच ते. टायर बदलायला ते हायवेवरच्या दुकानात गेले, सोबत मीही. दुकानदाराने मोटारीचे साधे टायर चढवले. ट्रेलरला वेगळे, जास्त वजन पेलणारे लागतात हे आम्हाला कुठलं ठाऊक! दोघेही इंजिनिअर, पण युनिफॉर्मवर नाव शिवलेला गोरा माणूस सांगतोय म्हणजे खरंच असणार.

दसऱ्याला काकूंनी त्या टायरांना हळदीकुंकवाची बोटं ओढली. पुढच्याच शनिवारी भर हायवेवर एक टायर फुटला आणि ट्रेलर गाडीला घेऊन खड्ड्यात गेला. काकूंचं मनगट मोडलं.

फाटका टायर घेऊन आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने त्यावरचं कुंकू बघितलं आणि मेला हसला. "या पावडरीने रबर खाल्लं. वॉरंटी कॅन्सल."

काकूंनी ते खरं मानलं. "माझ्याच हातून झालं हो," एवढंच म्हणत राहायच्या. पुढचे दोन दसरे त्यांनी गाडीला बोटसुद्धा लावलं नाही. देवाला कुंकू लावतानाही हात आखडायचा. काकांना ते बघवेना.

त्यांनी लायब्ररीत बसून टायर शिकून घेतले. मग दर शनिवारी दुकानासमोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसू लागले. येणाऱ्या प्रत्येक ट्रेलरवाल्याला अडवायचे. "आधी टायर वाचा! ट्रेलरचाच आहे ना? वजन पेलेल ना? आणि बाजूवर लिहिलीय तेवढी हवा भरा, सकाळी, टायर थंड असताना." मी थर्मास घेऊन शेजारी. एकेक गिऱ्हाईक परत फिरलं की मला काय गार वाटायचं म्हणून सांगू!

शेवटी दुकानदारच बाहेर आला. "काय पाहिजे तुम्हाला? नवे टायर फुकट देतो."

"टायर नकोत. घरी ये. माझ्या बायकोला खरं सांग."

आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. "मॅडम, पावडरीचा दोष नव्हता. टायर मीच चुकीचे दिले."

काकू सवयीने म्हणाल्या, "चहा टाकते."

"अजिबात टाकायचा नाही!" काका गरजले.

काकू आत गेल्या त्या हळदीकुंकवाचं तबक घेऊनच बाहेर आल्या. त्याच्या शेजारून पायऱ्या उतरल्या आणि त्याच्याच व्हॅनच्या चारही टायरांना सावकाश बोटं ओढली.

"जा आता," काका म्हणाले. "कुंकवाने फुटतो का बघ."

काका पुढच्याच हिवाळ्यात गेले. गेज काकूंनी माझ्या खिशात घातला. माफ बिफ मी त्या दुकानदाराला केलेलं नाही. शनिवारी दुकानाबाहेर ट्रेलर दिसला की मी गाडी थांबवतो आणि खाली उतरतो.